शेवटची बारा पानं

याकूबभाई पुस्तक हातात घेतलं की आधी शेवट विचारायचे. "मॅडम, जगतात का मरतात?" एवढाच प्रश्न. मी रोह्याच्या वाचनालयात चौदा वर्षं काम करते आहे. शेवट आधी सांगितला म्हणून माझ्याशी भांडलेले सभासद पुष्कळ पाहिले, पण शेवट ऐकल्याशिवाय पुस्तक घरी न नेणारा माणूस हा एकच. मग वाचण्यात मजा काय राहिली, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मजेचं नाय मॅडम. आपण तयार राहिलेलं बरं."

ते नदीपलीकडे अष्टमी गावात राहायचे. रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास पूल ओलांडून चालत यायचे. उंच, थोडे पुढे वाकलेले, बारीक कातरलेली पांढरी दाढी, आणि कितीही उकडत असलं तरी मनगटापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट. आमच्याकडे चपला बाहेर काढायची पाटी नाही, तरी ते काढायचे. बाहेरच्या नळावर हात धुवायचे, रुमालाला नीट पुसायचे आणि मगच कपाटाला हात लावायचे. पुस्तक घरी नेलं की जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर घालायचे आणि परत आणताना ते काढून, घडी करून, खिशात ठेवायचे. पुढच्या पुस्तकाला तेच कव्हर.

सव्वीस वर्षं त्यांनी आखातात टॉवर क्रेन चालवली होती. सकाळी शिडीने वर चढायचं ते संध्याकाळी उतरायचं. जेवण वर, नमाज वर. बोलणं फक्त वॉकीटॉकीवर, आणि तेही तीन-चार शब्दांचं. त्यामुळे त्यांना एक सवय जडली होती. काही बोलले की समोरच्याने "हो" म्हणेपर्यंत थांबायचे, आणि हो आलं नाही तर तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणायचे. "मॅडम, पंखा आवाज करतो." मी रजिस्टरात डोकं घातलेलं. "मॅडम, पंखा आवाज करतो." मी हो म्हटलं की समाधानाने आपल्या खुर्चीकडे जायचे. पंख्याचं पुढे काही व्हावं अशी त्यांची अपेक्षा नसायची. आपलं म्हणणं पोचलं, एवढं त्यांना पुरे असायचं.

वाचायची सवयही तिथलीच. खोलीत रत्नागिरीकडचा एक जण होता. त्याच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचं पोतं होतं. त्यातला एखादा अंक हे शर्टात खोचून वर न्यायचे. पण ते अंक इतक्या हातांतून गेलेले असत की शेवटची पानं कधी जागेवर नसत. "एका गोष्टीत पोरगी हरवते जत्रेत," त्यांनी मला सांगितलं होतं. "ती सापडली का नाय, मला अजून म्हाईत नाय. चार वर्षं मी वर बसून तिलाच शोधत होतो."

दर दोन वर्षांनी दोन महिने ते घरी यायचे. मुलगी शबाना अशाच दोन सुट्ट्यांच्या मधे जन्मली, शाळेत गेली, नर्स झाली, पेणला दिली. बायकोचं नाव रुकय्या. ते कायमचे परत आले तेव्हा साठीला टेकले होते, आणि माझी-त्यांची ओळख झाली तेव्हा परत येऊन चार वर्षं झाली होती.

आता त्या कादंबरीबद्दल सांगायला हवं. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कुणी शोधून वाचेल, आणि मला जे दिसलं ते त्यात नाही म्हणून माझ्यावर चिडेल. एका लेखिकेची पातळशी कादंबरी आहे. खाडीकाठच्या गावात पन्नाशीची एक बाई एकटी राहते. तरुणपणी ज्याच्यावर तिचा जीव होता तो माणूस घराची व्यवस्था लावायला म्हणून गावात येतो, दोन महिने राहतो. एवढंच. बाकी सगळं त्या दोघांच्या जवळ येण्याबद्दल आहे, दोन उतारवयाच्या शरीरांच्या लाजण्याबद्दल आणि भुकेबद्दल. लिहिलंय मात्र असं, की वाचताना ओठ आपोआप हलायला लागतात. मी ती वाचनालयातच, टेबलाशी बसून वाचली होती आणि मधेच उठून उगाच खिडक्या पुसल्या होत्या.

एका ज्येष्ठ सभासदांनी ती माझ्या टेबलावर उपडी ठेवली. "असलं ठेवायचं असेल तर त्याला कुलपाचं कपाट करा," म्हणाले आणि गेले. ती तशीच पडलेली असताना याकूबभाई आले.

"शेवटी काय?"

"तो जातो," मी म्हटलं.

"मरत नाय ना?"

"नाही. जातो फक्त."

त्यांनी खिशातून कव्हर काढलं. त्यांना थांबवावं, पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगावं, असं माझ्या मनात आलं. पण काय शब्दांत सांगणार? मी नोंद केली आणि दिलं.

आठ दिवसांनी त्यांनी मुदत वाढवून घेतली. पंधरा दिवसांनी पुन्हा. एरवी चार दिवसांत पुस्तक परत आणणारा माणूस. मग एका दुपारी पुस्तक न घेताच आले आणि वर्तमानपत्र वाचणारे दोघे-तिघे निघून जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. नंतर माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, हे लिहिणारी बाई हाय?"

"हो."

"तिला कसं कळलं?"

"काय?"

ते समोरच्या खुर्चीवर बसले. यापूर्वी कधी बसले नव्हते. "तो पहिल्या दिवशी तिच्या घरी येतो. ती दाराला धरून उभी राहते. जन्मभर वाट बघितली, तरी पुढं येत नाय. त्याच्या अंगाला दुसऱ्या मातीचा वास हाय म्हणून. माझी बायको अशीच उभी राहायची, मॅडम. दर खेपेला. मी बॅगा ठेवायचो, आणि ती दाराला धरून. मला वाटायचं लाजते." ते थांबले. "मला वाटायचं लाजते," ते पुन्हा म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नसावं. परत आल्यापासून ती आतल्या खोलीत झोपायची, हे बाहेर पलंगावर. भांडण नव्हतं. गॅस, मासळी, शबानाचा फोन, एवढं बोलणं व्हायचं. तिला इतकी वर्षं एकटीने घर चालवायची सवय. हे घरात असले की ती भांडी जपून ठेवायची, पाहुणा असल्यासारखी. "तिला काय वाटतं ते मला इचारताच येत नाय," म्हणाले. "ह्या पुस्तकात सगळं इचारलंय."

रुकय्याभाभींना उर्दू वाचता येत होतं, मराठी नाही. याकूबभाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मी तिला हे वाचून दाखवलं तर वाईट दिसेल का?"

मी म्हटलं, नाही दिसणार. त्या घराबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. पण मी तसं म्हटलं.

वाचन त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत व्हायचं, दुपारच्या जेवणानंतर. त्या सुपात सुका जवळा निवडत बसायच्या, हे पायरीवर बसून वाचायचे. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगायचे, उभ्यानेच. पहिल्या दिवशी दहा पानं झाल्यावर त्या म्हणाल्या, "घसा बसलाय तुमचा. पानी प्या." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ही बाई जेवते कवा?" तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाल्या नाहीत, पण जवळा निवडून संपला होता तरी उठल्या नाहीत.

एकदा त्यांनी मला विचारलं, "मॅडम, असोशी म्हणजे काय?" मी सांगायचा प्रयत्न केला. एखाद्याची, एखाद्या गोष्टीची इतकी ओढ, की मिळाली तरी पोट भरत नाही. त्यांनी तो शब्द चिठ्ठीवर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तिला सांगितला. ती म्हणाली, आमच्यात तडप म्हणतात. पण तडपला आवाज हाय. हा शब्द गप बसलेला हाय."

कादंबरीच्या मध्यावर तो प्रसंग येतो, ती दोघं पहिल्यांदा जवळ येतात तो. चार पानं आहेत. याकूबभाई तिथे पोचले. त्यांनी चार पानं एकदम उलटली आणि पुढून वाचायला लागले.

रुकय्याभाभींनी सूप खाली ठेवलं. "मधलं काय गाळलंत?"

"काय नाय."

"आताच तर ती उठून दिव्याकडं गेली होती. एकदम सकाळ कशी झाली?"

याकूबभाईंनी पानं मागे उलटली आणि चारही पानं वाचली. वर बघितलं नाही. वाचून झालं तेव्हा त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस बोलणं नाही. हे मला सांगताना त्यांचा चेहरा असा होता की मलाच अपराध्यासारखं झालं. "मी चूक केली," म्हणाले. "या वयात." मी हो म्हणावं म्हणून थांबले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुकय्याभाभी आपण होऊन पडवीत येऊन बसल्या. सूप नव्हतं. म्हणाल्या, "हे तुमाला आता कळलं?" आणि मग, "पहिला आठवडा मला तुमची भीती वाटायची. नवीन साबण, नवीन आवाज. मग हळूहळू हात ओळखीचा व्हायचा. तवर तिकीट यायचं. मग मी ठरवलं, ओळखच करून घ्यायची नाय. जाताना लई जड जातं." याकूबभाई म्हणाले, "आता तिकीट नाय." त्या म्हणाल्या, "ते मला म्हाईत हाय. ह्या अंगाला म्हाईत नाय अजून."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या, काळी ओढणी घेतलेली एक बाई आत आली. ठेंगणी, गोरी, चष्मा. दारातच चपला काढल्या.

"ते पुस्तक तुमीच दिलंत का?"

मी उभी राहिले. मला वाटलं, आता तक्रार. "हो. मीच."

"मी रुकय्या." त्या बसल्या, ओढणीने तोंड पुसलं. "त्याचा शेवट सांगा मला. हे वाचत नायत. दर खेपेला बारा पानं उरली की पुस्तक मिटतात, म्हणतात डोळे दुखतात. आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून धरतात."

शेवट आधी विचारणारा माणूस शेवट वाचेनासा झाला होता. तो जातो, हे त्यांना ठाऊक होतं. रुकय्याभाभीही म्हणाल्या, "जातो ना तो? मला कळलंय. पण कसा जातो ते ऐकायचंय."

वाचनालयाची दुसरी प्रत नव्हती, पण माझी स्वतःची होती, नंतर विकत घेतलेली, घरी. मी त्यांना तासाभराने या म्हटलं, धावत जाऊन ती आणली आणि ती बारा पानं वाचून दाखवली. तो पहाटेच्या होडीने जातो. ती धक्क्यावर जात नाही. घरी थांबते, चूल पेटवते, एकटीपुरता भात टाकते, आणि भात शिजेपर्यंत होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकत राहते. वाचताना मलाच दोनदा थांबावं लागलं. रुकय्याभाभी मात्र मान हलवत होत्या, कुणी ओळखीच्या गावचा रस्ता सांगत असावं तशा.

"बरोबर लिहिलंय," म्हणाल्या. "भात टाकावाच लागतो." मग उठल्या. "मी आले होते ते त्यांना सांगू नका. त्यांना वाटतंय शेवट त्यांनी माझ्यापासून राखून ठेवलाय." मी हो म्हटलं.

याकूबभाई येतच राहिले. दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवायचे, दुसरं पुस्तक मागायचे नाहीत. पण माणूस बदलला होता. शर्टाची मनगटावरची बटणं उघडी असायची. कधी हसून सांगायचे, आज ती म्हणाली, वाचू नका, नुसते बसा. पलंग आतल्या खोलीत गेल्याचंही त्यांनीच सांगितलं, पण असं, की पलंगाच्या पायाला वाळवी लागली होती म्हणून हलवला. मी हो म्हटलं.

एकदा दोघं शबानाकडे पेणला गेली, रेल्वेने. रुकय्याभाभी एवढ्या वर्षांत पेणला नेहमी मुलीच्या नवऱ्याच्या मोटारीतून गेलेल्या. त्या दिवशी खिडकीशी बसल्या. नागोठणं गेलं, कासूला गाडी बराच वेळ थांबली. त्यांनी विचारलं, ही पुढं कुठं जाते? हे म्हणाले, दिव्याला, पार ठाण्याजवळ. त्या म्हणाल्या, मग एकदा दिव्यापर्यंत जाऊ. उतरायचं नाय, नुसतं जाऊन यायचं. ओढणीखाली त्यांनी याकूबभाईंचा हात धरला होता तो पेण येईपर्यंत सोडला नाही. हे सांगताना याकूबभाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

दिव्याला जाणं झालं नाही. त्याच हिवाळ्यात रुकय्याभाभींना एका सकाळी ओट्याशी उभ्या असताना चक्कर आली. पेणच्या दवाखान्यात नेलं, शबाना रात्रंदिवस उशाशी होती. पाच दिवस होत्या. बोलणं गेलं होतं, पण कळत होतं. सहाव्या दिवशी गेल्या.

मी अष्टमीला जाऊन आले. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला त्यांनी त्या पलंगावरच बसायला सांगितलं आणि मला बसवेना. याकूबभाई बाहेर होते. त्यांनी मला पाहिलं आणि फक्त मान हलवली.

चाळिसावा दिवस झाल्यावर ते वाचनालयात आले, दुपारी साडेतीनला. हात धुतले. कॅलेंडरचं कव्हर काढलं, पण घडी करून खिशात ठेवलं नाही. टेबलावरच राहू दिलं.

"जमा करून घ्या मॅडम." "एक चूक झाली माझ्याकडून. तिला शेवट नाय वाचून दाखवला. रोज म्हणायची, पुढं काय. दवाखान्यात पण पुस्तक नेलं होतं मी. ती बोटानं दाखवायची, वाचा. मी पहिलंच पान वाचायचो. ती तशीच गेली. अर्धवट."

मी रुकय्याभाभींना शब्द दिला होता. पण समोर उभा असलेला माणूस बघून तो मला पाळता आला नाही.

"त्यांना शेवट माहीत होता," मी म्हटलं. "त्या इथे आल्या होत्या. याच खुर्चीवर बसल्या. मी वाचून दाखवला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलेलं पोचलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हटलं, "त्या आल्या होत्या, याकूबभाई. तुमचं वाचन चालू असतानाच."

"हो," ते म्हणाले. आणि खाली बसले. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बरोबर लिहिलंय. आणि म्हणाल्या, तुम्हाला सांगू नका."

"म्हणजे तिला ठाऊक होतं. आणि तरी रोज इचारायची, पुढं काय." त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावर ठेवले. खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतायत, आणि रडतच होते. पण हात काढले तेव्हा चेहऱ्यावर हसूही होतं. "म्हणजे ती मला वाचायला लावायची," म्हणाले. "नुसतं वाचायला."

मी पुस्तक जमा करून घेतलं. माझी स्वतःची प्रत त्यांना देऊ केली, तर नको म्हणाले. "पाठ हाय, मॅडम. बारा पानं सोडून."

उन्हाळ्यात शबाना त्यांना पेणला घेऊन गेली. अष्टमीचं घर बंद झालं. साडेतीन वाजता मी काही दिवस दाराकडे बघायची, मग तेही थांबलं.

त्यानंतर एकदाच भेटले. वाचनालयांच्या बैठकीसाठी मी पेणला गेले होते, दुपारी परतीच्या गाडीसाठी स्टेशनात आले तर बाकावर ते. शबानाचं घर जवळच होतं. कधी कधी येऊन बसतो, म्हणाले. खूप वाळले होते. माझ्यासाठी पळत जाऊन समोरच्या दुकानातून पोह्याचे पापड आणले, नको म्हणत असताना. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. वाचत काही नव्हते.

गाडीचा पुकारा झाला तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्या घरी कोण हाय मॅडम?" इतक्या वर्षांत त्यांनी मला माझ्याबद्दल कधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

"मिस्टर गुजरातेत असतात," मी म्हटलं. "रिफायनरीत. दोन-तीन महिन्यांनी येतात."

"किती वर्षं?"

"अकरा."

त्यांनी हो म्हटलं नाही. गाडी आत येत होती, आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून ते वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "येतात तवा दारात पुढं जाता का?"

मी डब्यात चढले. खिडकीशी येऊन पाहिलं तर ते तिथेच उभे होते, उत्तरासाठी थांबलेले. गाडी हलली. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. काचेतून ऐकू आलं नाही, नुसते ओठ दिसले. मला हो म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मी मान नाही अशी हलवली, आणि ती त्यांना दिसली, कारण त्यांनी हात वर केला, निरोपाचा नव्हे, कुणाला पुढे हो म्हणून खूण करावी तसा. मग फलाट संपला.